घाटाच्या पायथ्याशी अदलाबदल

साल एकोणीसशे शहाऐंशी, वार रविवार. सकाळी आठला आमच्या गॅरेजच्या दारात असं भांडण जुंपलं होतं, की समोरचा न्हावी गिऱ्हाइकाला साबण फासून तसंच सोडून बाहेर येऊन उभा राहिला होता.

"गाडी म्हणजे आधी नजर!" फोटोग्राफर ओरडत होता. "बघणाऱ्याची मान वळली पाहिजे. मास्तर, तुमची गाडी बघून लोक बाजूला होतात, म्हैस आली म्हणून."

"होऊ देत. रस्ता मोकळा मिळतो," मास्तर म्हणाले. शाळेत ते कवायत शिकवायचे. अंगावर मांस नाही, म्हणून आरामाचे कट्टर कैवारी. "तू ये तुझ्या त्या सुरईसारख्या नाजूक गाडीवरून तीनशे किलोमीटर जाऊन. आठ दिवस उभ्याने जेवशील."

हे मोटारसायकलवाले दरवर्षी घाटमाथ्यापर्यंत जाऊन यायचे आणि दरवर्षी निघण्याआधी हेच भांडायचे. सगळ्यांच्या सीट माझ्या हातच्या. आमचे हे इंजिन बघायचे, मी आतल्या खोलीत सीट शिवायची. माझी रीत वेगळी होती. गिऱ्हाईक सीट अंगठ्याने दाबून बघायचं आणि सगळ्यात मऊ असेल ती मागायचं. अंगठ्याला काय कळतं? तो थोडाच बसून प्रवासाला जातो! मी पत्र्याच्या ट्रेमध्ये ओली वाळू थापायची आणि माणसाला तिच्यावर बसवायची. जे खळगे उमटतील ते मोजून फोम कोरायची. मास्तरांचे दोन खळगे, खोल आणि वाटीएवढे. फोटोग्राफरचा एकच, परातीएवढा.

अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या सीट शिवल्या. त्या सफरीला मात्र एकदाही गेले नव्हते. मुलीच्या बाळंतपणापासून माझी कंबर गेली होती आणि ह्यांच्या गाडीची सीट दोन बोटं जाड. काळीभोर लांब गाडी, टाकीवर ह्यांनी स्वतः ओढलेली सोनेरी रेघ. तिच्या रूपाला धक्का लागलेला ह्यांना खपत नसे. त्या वर्षी मी न विचारता सीटचा मागचा अर्धा भाग कापला आणि तिथे चार बोटं उंच, घट्ट फोमची जागा बांधली. रविवारी सकाळी गाडी बाहेर आली तेव्हाच ह्यांनी ती पाहिली.

"अगं, हे काय? घोड्यावर गाठोडं टाकल्यासारखं दिसतंय!"

"गाठोडं नाही, माझी जागा आहे ती. पुढची तुमची तशीच ठेवलीय."

"वहिनी, सोन्यासारख्या गाडीला कुबड आणलंत हो," फोटोग्राफर हळहळला.

"कुबड काय? सिंहासन म्हण, सिंहासन!" मास्तर म्हणाले.

ह्यांचे कान लाल झाले. "ठीक आहे. चल आज. माथा दीडशे किलोमीटरवर आहे. वाटेत एकदा जरी 'थांबवा' म्हणालीस, तर तिथून बसने घरी जायचं, सीट होती तशी करायची आणि पुन्हा सफरीचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर दरवर्षी ये."

मी ह्यांचीच पॅन्ट चढवली. पट्टा कमरेला ढगळ झाला, तर आरीने एक जादा भोक पाडलं आणि निघाले.

काय सांगू तो वारा! डोळ्यांतून पाणी, तोंडात धूळ, कानात सहा गाड्यांचा आवाज. अर्धा तास झाला, कंबर गप्प. तास झाला, तरी गप्प. मी उगाचच ओरडले, तर मागून मास्तरांनी हॉर्न वाजवून साथ दिली. मग माझ्या लक्षात आलं, की पुढे चुळबुळ चाललीय. हे आधी खड्डा आला की पायांवर उभे राहत होते. आता खड्डा नसतानाही राहू लागले.

घाटाच्या पायथ्याशी ह्यांनीच गाडी थांबवली. "चेन बघतो," म्हणत खाली वाकले.

मास्तरांनीही वाकून पाहिलं. "चेन ठणठणीत आहे रे. दुखणं जरा वर आहे."

सगळे पुढे गेले तसे हे हळूच म्हणाले, "अगं, मी मागे बसू का?"

"आणि गाडी?"

"गॅरेजात रोज दहा गाड्या आत-बाहेर कोण करतं? मागच्या गल्लीत तिसऱ्या गिअरपर्यंत जातेस, तेही ठाऊक आहे मला."

मला वाटत होतं, ते कोणालाच ठाऊक नाही.

मी पुढे बसले. घाटाला चौदा वळणं. "हळू... आता दुसरा... दरीकडे नको, जायचंय तिकडे बघ," कानाशी चालू होतं. पाचव्या वळणानंतर बोलणं थांबलं. सातव्याला हे म्हणाले, "काय छान बसता येतंय गं इथे!" मी इतकी हसले, की आठवं वळण जरा मोठंच घेतलं.

माथ्यावर सगळे आमच्याकडे बघतच राहिले. फोटोग्राफरला घाई. "वहिनी, खरं सांगा, पुढची पातळ सीट टोचली का?"

मी आठवून पाहिलं. अकरा वर्षं लोकांच्या बसण्याचे खळगे मोजलेली बाई मी. पण स्वतः कशावर बसले होते ते काही आठवेना. "सीट? लक्षच नव्हतं हो."

"बघा!" फोटोग्राफर ओरडला.

"तू इकडे बघ," मास्तर म्हणाले. "हा अजून उतरला नाही मागून."

पुढच्याच आठवड्यात फोटोग्राफर गुपचूप येऊन वाळूवर बसला आणि बाहेरून दिसणार नाही अशी जाड सीट शिवून घेऊन गेला. पुढे तो मुलाकडे परदेशात गेला. तिथून दर वर्षी एका गाडीचा फोटो पाठवायचा. मग तेही थांबलं. मास्तर सत्तरीपर्यंत गाडी चालवत होते. गेले ते झोपेत. मुलगी चारचाकी चालवते आणि मोटारसायकल धोक्याची असं मलाच बजावते.

मी एकोणीस वर्षं सफरीला गेले, घाट नेहमी माझ्याकडे. पुढे ह्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा सगळाच रस्ता माझ्याकडे आला. दर मंगळवारी दवाखान्यात न्यायची. मागून सूचना चालू असायच्या, की खड्डा आहे, उंचवटा आहे. शेवटच्या मंगळवारी ह्यांना तिथेच ठेवून घेतलं; परत येताना मागे कोणी नव्हतं. चौकाआधीचा उंचवटा आला तशी मी गाडी पार हळू केली, मागचं चाक अलगद खाली उतरू दिलं आणि मगच वेग वाढवला.