सापावर घातलेलं मरण

“कोणी पुसलं त काय सांगशील?”

“साप चावला.”

“हां. याच्या मागं-पुढं काही बोलू नको वं बाई. घराण्यात खोट आहे म्हणतीन, अन् हळदीच्या अंगानं परत पाठवतीन तुले.”

लग्नाच्या आदल्या दिवशीचा आईचा तो आवाज. आई जाऊन किती पावसाळे लोटले, आवाज काही प्रेमिलाच्या कानातून गेला नाही. तिचा भाऊ बळीराम खरं तर सावनेरकडच्या शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, त्यांच्यामागं धावता धावता पडून गेला होता. पण तरणाताठा पोरगा उभ्या उभ्या मरतो म्हटल्यावर त्याच्या बहिणीला कोण करून घेणार? सापाला मात्र कोणी नाव ठेवत नाही. म्हणून ते मरण सापावर घातलं.

आणीबाणी उठली त्या सालच्या हिवाळ्यात तिचा थोरला मुलगा रवींद्र गेला. वाडीच्या मैदानात, कबड्डीच्या रेघेवर. कोणी धरलं नव्हतं, कोणी पाडलं नव्हतं. लोक म्हणाले, पोरानं दम फार धरला. तेरवी झाली, मांडव निघाला. प्रेमिलाला भूक लागे, झोप लागे. रडू तेवढं येत नव्हतं. पोळपाट तोच, लाटणं तेच. हात रवीच्या वाटणीची कणीक मळून टाकत, आणि उरलेली पोळी ती गाईपुढं ठेवी.

चिरफाड केलेल्या डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घेतलं.

“दम धरल्यानं नाही गेला तो,” डॉक्टर म्हणाले. “खेळणाऱ्या पोरांत कोणाच्या हृदयाची रक्तनळी जन्मतःच भलत्या जागेवरून निघते, कोणाच्या ठोक्यातच बिघाड असतो. याच्या हृदयाची भिंत जाड झाली होती. वरून दिसत नाही. जोर पडला की ठोका भरकटतो, अन् थांबतो. बरेचदा हे रक्तातून येतं. घरात कोणी असं अचानक गेलं होतं का?”

“आमच्यात?” सासू बायजाबाई बसल्या जागी ताठ झाल्या. “आमचे बुढे मरायचं नावच नाही घेत! जवानाले पोचवून येतीन अन् वरून जेवाले मागतीन.”

बोलून गेल्यावर त्यांनीच तोंडाला पदर लावला.

प्रेमिलाच्या नवऱ्यानं, मधुकररावांनी खाली बघतच सांगितलं, “हिच्या माहेरीही तसं नाही, साहेब. एक साळा होता माहा, तो सापानं गेला.”

डॉक्टरांनी धाकट्या मुलीकडे, गोपिकाकडे पाहिलं. “ही खेळते?”

“खो-खो,” गोपिकाच बोलली. “उद्या कामठीले मॅच आहे. जाऊ का?”

“कार्डिओग्राम काढू. त्यात सगळंच दिसतं असं नाही. पण घरात दुसरं कोणी नसेल, तर खेळू द्या.”

“जाऊ ना वं, आई?”

प्रेमिला छताकडे पाहत होती. पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं. आत काही हललं नाही. भीतीसुद्धा नाही, सासूची नाही, नवऱ्याची नाही. जणू शेजारीण बोलावी तसा तिला आपला आवाज ऐकू आला.

“नको जाऊ.”

“काहून?” मधुकरराव वळले.

“बळीरामदादाले साप नाही चावला,” ती म्हणाली. “पटात बैलांमागं धावून राहिला होता. मी शेताच्या धुऱ्यावरच उभी होती. कोणीच शिवलं नव्हतं त्याले. पडला, त ठेच लागली असंन म्हणून मी हसली. मंग तो उठलाच नाही.”