साहेबाचा हात

गिरणीचा मॅनेजर, गोरा साहेब, विलायतेला गेला त्याला वर्ष झालं होतं. संस्थानं एकेक करून विलीन होत होती, आणि बुऱ्हाणपुरात गिरणीमागचं गोल्फचं मैदान आता कापसाच्या गोदामाला जाणार होतं. बारा वर्षं साहेबाच्या काठ्यांची थैली वाहणाऱ्या लोटूचं काम महिनाअखेर संपणार होतं. नव्या मॅनेजरनं, श्रीकांतरावांनी, एवढं मात्र केलं. इंदूरकडच्या एका क्लबाला खेळ शिकवणारा हवा होता. तिथल्या सेक्रेटरींना त्यांनी लोटूचा हात बघायला बोलावलं.

आदल्या संध्याकाळी लोटू बायकोपुढे काठी धरून उभा राहिला. त्याला चेंडू मारायच्या दोन तऱ्हा येत. एक स्वतःची, आखूड, नुसत्या खांद्यातून. चेंडू नाकासमोर जाई, कंबर शाबूत राही. पण जाई तो शंभर पावलं. दुसरी साहेबाची, सगळं अंग पिळून, मधेच डाव्या गुडघ्यात बसून. चेंडू घारीसारखा जाई. बिनसला तर थेट तापीत, वरून कमरेत उसण.

"तुम्ही आपल्याच हातानं मारा," कोकिळा म्हणाली. "लांब नाही गेला तं नाही गेला."

"आखूड मारणाऱ्याला मास्तर कोण म्हणीन, वेडे?"

"अन् कंबर धरून बसले तं?"

"बसू दे. डोळ्यानं शिकलो मी. साहेबाची विद्या हाय ती."

सकाळी त्यानं साहेबाचाच हात मारला. चेंडू उठला, जांभळीच्या शेंड्यावरून पार झाला. लोटूचा ऊर भरून आला.

"वा! पण मधेच गुडघ्यात काय बसता?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तीच तं खरी रीत हाय जी."

श्रीकांतरावांना हसू आवरेना. "अरे लोट्या, लढाईतली गोळी होती साहेबाच्या गुडघ्यात! चालताना कळू द्यायचा नाही, पण पीळ बसला की गुडघा दगा द्यायचा."

सेक्रेटरी हसले नाहीत. "गुडघा न वाकवता मारा."

लोटूनं तीनदा मारलं. तिन्ही वेळा गुडघा आपसूक बसला.

"आखूड मारतो जी. तो हात माझा हाय."

"तसं तर आमचे मेंबर मारतातच, बाबा," ते हळू म्हणाले, आणि मोटारीत जाऊन बसले.

घरी कोकिळेनं भांडी पोत्यात बांधली होती, शेळी शेजारच्या गोदाबाईला देऊन टाकली होती.

"शेळी मागून आण," लोटू म्हणाला.

तिनं पोत्याची गाठ सोडायला घेतली.

"गुडघा दुखत होता गं साहेबाचा. बारा वर्षं मी मागं उभा, अन् मला वाटे, कसा डौलात खेळतो."