तळ्यावरचा फेस

लाँड्रीला टाळं लागून महिना होत आला होता, आणि तळ्यावर फेस होताच. उलट जास्तच होता.

पाणी तपासणारी काठावर बघत उभी राहिली. पलीकडून वारा सुटला होता. लाटांबरोबर फेसाचे गोळे दगडांवर चढत होते, सुटे होऊन पायवाटेवर गडगडत होते. फिरायला आलेले लोक नाक मुरडत वळसा घालून जात होते. ती लाँड्री तिच्या मामाची होती, आणि टाळं तिच्या शब्दावर लागलं होतं.

पहिल्यांदा फेस दिसला तेव्हा सगळ्यांनी काठावरच्या लाँड्रीकडेच बोट दाखवलं. दवाखान्याच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल तिथे धुतले जात. मामा सांगून दमला की आपलं पाणी बंद पाइपमधून थेट गटाराला जातं, तळ्यात थेंब पडत नाही. कार्यालयाच्या प्रमुख बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलंही होतं, घरचं प्रकरण आहे, दुसऱ्या कुणाला पाठवू का? ती नको म्हणाली. नात्यापायी अंग काढून घेतलं असं कुणी म्हणायला नको. त्याच कारणाने चौकशीच्या काळात ती मामाकडे फिरकली नाही, त्याला एक शब्द विचारला नाही.

तिने तळ्याचं पाणी बाटलीत आणलं, टेबलाशी उभं राहून झाकण काढलं आणि नाकाशी नेलं. साबणाचा गोड वास. हा वास तिने झोपेतही ओळखला असता. नोकरी लागल्यापासून तिचे एप्रन मामाच धुऊन, इस्त्री करून पाठवायचा आणि त्या गठ्ठ्याला अगदी हाच वास असायचा. बाहेरच्या प्रयोगशाळेचं उत्तर यायला वेळ लागणार होता. तोवर लाँड्री बंद ठेवावी, असं तिनेच सुचवलं. ते उत्तर अजून आलं नव्हतं.

दवाखाना काही महिनाभर मळक्या चादरी घालून बसणार नव्हता. त्याने दुसरीकडे कपडे दिले. मागोमाग हॉटेलंही गेली. मामा भांडला नाही. फक्त तिला नावाने हाक मारायचं सोडून ‘साहेब’ म्हणू लागला. आज सकाळी तिच्या आईने फोनवर कोरड्या आवाजात कळवलं होतं, की मोठी मशीनं विकली, दुपारी ट्रक येतोय.

तिने वाकून बाटली भरली. पाणी गढूळ नव्हतं, पण जास्त उकळलेल्या कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. बोटावर घेतलेला फेस पांढरा नव्हता, पिवळट होता. तिने बाटलीचा वास घेतला. ओली माती, कुजका पाला, बस्स. काठाला पाणकणसाचे, त्या उंच पाणगवताचे, दांडे आडवे होऊन काळे पडले होते. त्यातले काही उपटताना तिचा पाय घसरला आणि एप्रन चिखलात माखला.

कार्यालयात आल्यावर तिने तो काढून टाकला. हल्ली एप्रन ती घरीच धूत असे. कपाटात मामाकडून आलेला शेवटचा एक घडीत उरला होता, तो तिने चढवला. मग खात्रीसाठी तीच बाटली पुन्हा नाकाशी नेली.

साबण. तोच, गोड.

तिला हायसं वाटलं, हे तिला पुढे कधी विसरता आलं नाही. बाटली घेऊन ती प्रमुख बाईंकडे गेली आणि म्हणाली, लाँड्री बंद असूनही साबण उतरतोय, म्हणजे जमिनीत मुरलेला असणार. बाईंनी बाटली हुंगली. मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“याला मातीचा वास येतोय,” त्या म्हणाल्या. “साबणाचा तुझ्याकडून येतोय.”

तिने बाटली टेबलावर ठेवली. मोकळा हात, बाटली धरल्यासारखाच, नाकाशी नेला. बाही मनगटावर आली. वास आला.

ती खुर्चीत बसली, पुन्हा उठली, एप्रन काढून दाराबाहेर ठेवून आली. उपटून आणलेले कुजके दांडे तिने नळाच्या स्वच्छ पाण्यात चुरले, गाळून घेतले आणि ती बाटली जोरात हलवली. फेस आला. पिवळट, आणि बसता बसेना.

सहलीला येणाऱ्या मुलांना ती हे दर वर्षी शिकवत असे. पाणवनस्पती मेल्या की त्यांच्यातला कार्बन कुठे नाहीसा होत नाही. थोडा हवेत जातो, काही तळाशी बसून काळी माती होतो आणि काही पाण्यात विरघळतो, चहाच्या पत्तीतून रंग उतरावा तसा. ते पाणी वाऱ्याने घुसळलं की साबणाशिवायही फेस धरतं. मागच्या हंगामात पाणकणीस अर्ध्या तळ्यावर माजलं होतं, आणि सगळं जागच्या जागी कुजलं होतं.

“हे आपल्याला माहीत होतं,” बाई हळूच म्हणाल्या.

“मला माहीत होतं.”

बंदी आत्ताच उठवते, असं बाई म्हणेपर्यंत ती दाराबाहेर पडली होती. जाता जाता तिने एप्रन उचलला.

लाँड्रीच्या दारात ट्रक उलटा लावला होता. एक मशीन चढलं होतं, दुसरं उंबऱ्याशी आलं होतं. मामी पायरीवर बसली होती.

“या साहेब,” मामा म्हणाला. “आता काय सील करताय? मामीची बादली राहिलीय.”

तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाणकणीस, बाटली, बाही. मामा ऐकताना तिच्या हातातल्या एप्रनकडे बघत होता.

“वासावरून बंद केलीस?” त्याने विचारलं.

“हो.”

“मला विचारायचं तरी. दवाखान्याला वास चालत नाही, पेशंटना त्रास होतो. हॉटेलंही तोच बिनवासाचा साबण मागतात. इथे सगळं त्यातच धुतात.” त्याने एप्रनकडे बोट केलं. “वासाचा डबा तुझ्या एप्रनांसाठी आणायचो. भाची ऑफिसात जाते म्हणून.”

मामीने तोंडाला हात लावला. भाची म्हणाली, बंदी उठली, मशीनं उतरवून घे मामा. मामाने सांगितलं की मिळालेली रक्कम कालच कामगारांना वाटली, आणि चादरीही आता दुसरीकडे लागल्या. आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. मामा मशीनकडे वळला.

“ये, त्या बाजूने धर,” तो म्हणाला. “दोघांना पेलत नाही ते.”

एप्रन पायरीवर ठेवून तिने मशीन धरलं. उचलताना तिचं तोंड ड्रमच्या उघड्या दाराशी आलं, आणि तिने नकळत श्वास घेतला.

कसलाच वास नव्हता.