जाळीतला चिमूटभर चुना

मित्रांनो, पत्र्याच्या एका दोनचाकी गाडीत, भिंतीला चार स्क्रूंनी टांगलेला जुना गॅस गीझर म्हणजे मी. ट्रॅक्टरमागे जोडून ही गाडी उसाच्या फडांवर नेतात. आत दोन न्हाण्या, छतावर पाण्याची टाकी आणि बाहेर गॅसचं सिलिंडर. ऊस तोडणाऱ्या बायांना आडोसा आणि गरम पाणी मिळावं म्हणून एका संस्थेने ही गाडी बनवून घेतली. फीत कापली, फोटो निघाले, आणि माझ्या आनंदाला पारावार उरला नाही.

युसूफ वडगावच्या शिवारात टोळी उतरली, तेव्हा त्यांच्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या, शेजारी माझी गाडी उभी राहिली. पहिली अंघोळ सुभद्राबाईंनी केली. चोवीस हंगाम त्यांनी ऊस तोडला होता, आणि चोवीस हंगाम दोन बांबूंना साडी बांधून तिच्याआड गार पाणी अंगावर घेतलं होतं. उसाच्या वाळक्या पाचटाने चिरलेल्या हातांवरून ऊन पाणी जाताना त्या "आई गं" म्हणाल्या. बाहेर येऊन शेजारच्या कोपीतल्या शिवकन्येला म्हणाल्या, "जा गं पोरी. लई ग्वाड वाटतंय आंगाला."

शिवकन्येला आठवा महिना होता. तरी ती मोळ्या वाहत होती.

महिनाभर मी इमानाने पेटलो. मग बोअरच्या जड पाण्याने आपलं काम केलं. माझ्यात पाणी शिरतं तिथे बोटाच्या पेराएवढी एक जाळी आहे. तिच्यावर चुना बसत गेला. मित्रांनो, पाण्याचा पुरेसा जोर आला तरच माझा गॅस उघडतो. आता नळ सोडला की मी नुसता टकटक करायचो. ज्योत धरायची नाही, आणि धरली तर लगेच विझायची.

टोळीचा मुकादम मुंजाजी आला. त्याने सिलिंडर हलवून पाहिलं, माझे सेल बदलले, दोन थपडाही मारल्या. मग म्हणाला, "बायांनीच नळ पिरगाळून वाट लावली, दुसरं काय!"

त्याने अंबाजोगाईहून शहादेव मेकॅनिकला बोलावलं. शहादेवने माझं झाकण उघडलं, तारांकडे पाहिलं आणि झाकण लावलं. "पार्ट जळालाय. पुण्याहून मागवावा लागंल."

दाराशी उभी असलेली शिवकन्या म्हणाली, "दादा, गार पाण्याचा नळ भरून येतोय आन् हितं नुसती धार गळती. जाळी तुंबली आसंल. आमच्या शेतातल्या ठिबकचं आसंच व्हायचं. जाळी तुंबली की फुडं पाणी मरतंय."

ती अगदी बरोबर बोलत होती. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

"तू कावून मधी बोलती?" मुंजाजी खेकसला. "मेकॅनिक तू हायस का त्यो? हात लावला तर बघ." शहादेव हसला. जाताना मुंजाजीने गाडीला कुलूप घातलं.

पार्ट काही आला नाही. बायांनी माझ्या दारापुढेच तीन दगड मांडले आणि पाचट जाळून पाणी तापवायला सुरुवात केली. पौष लागला. शिवकन्या केजच्या दवाखान्यात बाळंत झाली आणि चौथ्या दिवशी लेक घेऊन कोपीवर परत आली. तिची सासू गावाकडे अंथरुणाला खिळलेली, म्हणून न्हाऊ घालायचं सुभद्राबाईंनी अंगावर घेतलं.

एका सकाळी त्यांनी उकळतं पातेलं पदराने धरून उचललं. सांडलेल्या पाण्याने जमीन निसरडी झाली होती. त्यांचा पाय सरकला आणि पातेलं दोन्ही पायांवर उलटलं. जाळीच्या खिडकीतून मी सगळं पाहिलं. त्यांची ती किंकाळी अजून माझ्या पत्र्यात आहे. ट्रॅक्टरवर घालून त्यांना अंबाजोगाईला नेलं.

शिवकन्येने लेक बाजेवर ठेवली, कोयता घेतला आणि कुलपाचा कोयंडा उचकटून काढला. ट्रॅक्टरवाल्याच्या कोपीतून पाना आणून तिने आधी गॅस बंद केला, मग पाणी. नट सैल करून जाळी बाहेर काढली आणि तळहातावर आपटली. चिमूटभर पांढरा चुना पडला. जाळी धुऊन बसवली, पाणी आणि गॅस पुन्हा चालू केला, नळ सोडला, आणि मी पहिल्याच ठिणगीला भडकन पेटलो. या कामाला पुरता पाव तासही लागला नाही.

गरम पाणी वाहत राहिलं. तिने अंघोळ केली नाही. तळहातावरच्या चुन्याकडे बघत ती तिथेच खाली बसली आणि ढसाढसा रडली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या पेटण्याची लाज वाटली.

त्याच दिवशी मुंजाजीने गाडीत उभं राहून संस्थेला फोटो पाठवला आणि सोबतचं बोलणं मोठ्याने रेकॉर्ड केलं, "मेकॅनिक बोलावून काम करून घेतलंय, साहेब." त्याला शाबासकी मिळाली. सुभद्राबाईंबद्दल तिकडे कुणाला कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

यंदा टोळी पुन्हा आली आहे. सुभद्राबाई लंगडतात. त्यांचं ऊस तोडणं संपलं. त्या कोपीवर बसून शिवकन्येची लेक सांभाळतात. परवा शिवकन्या म्हणाली, "मावशे, ऊन पाणी काढलंय. चल."

"नगं गं," त्या म्हणाल्या. "वाफ दिसली की पाय थरथरत्यात माजे."

मित्रांनो, वस्तू धुवा, पुसा, जपा, असं माझ्यासारख्याने शेवटी सांगायचं असतं. ते तर कराच. पण जी बाई एखादी वस्तू रोज वापरते, तिने "इथे बिघडलंय" म्हटलं, तर हसण्याआधी एकदा तिथे बघा. मला दुरुस्त करायला एक पाना पुरला. सुभद्राबाईंचे पाय कुणालाच दुरुस्त करता आले नाहीत.