मेलेल्या आजोबांचं एक वाक्य

"अहो, मेलेल्या माणसाला काय अवघड आहे? बसून राहायचं आणि शेवटी एक वाक्य बोलायचं!" दिग्दर्शक रादोवान ओरडला.

मी टेबलाखाली होते, त्यामुळे मला त्याचे फक्त बूट दिसत होते. बूटही चिडलेले होते.

आमचं नाट्यगृह म्हणजे प्रागमधलं एक जुनं कोळशाचं तळघर. पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय लांब केले तर ते थेट रंगमंचावर यायचे. प्रॉम्प्टरला उभं राहायला विंगसुद्धा नाही. म्हणून या नाटकात माझी सोय जेवणाच्या टेबलाखाली, जमिनीपासून चार बोटं वर थांबणाऱ्या लाल कापडाच्या आड केलेली होती. दिव्यांचा उजेड त्यातून गाळून यायचा आणि सगळं तांबूस, पाण्याखालचं वाटायचं. वर माणसं बोलायची, खाली त्यांचे बूट माझ्याशी वेगळंच काही बोलायचे. मला फार आवडायचं तिथे. उभा जन्म दुसऱ्यांच्या वाक्यांत काढलेल्या बाईला याहून चांगलं घर कुठलं मिळणार?

नाटक असं होतं. आजोबांचा वाढदिवस. आजोबा जेवणाआधीच खुर्चीत मरून बसलेत, पण घरातलं कुणी ते मान्यच करत नाही. पाहुणे येतात, शुभेच्छा देतात, म्हातारा उत्तर देत नाही म्हणून फुगून बसतात, त्याच्या अंगावरच्या कोटासाठी भांडतात, नाचतात. सगळे दमून गप्प झाले की मेलेले आजोबा म्हणतात, "सूप गार झालं." अंधार. बस्स.

आजोबा होता क्विडो. एकेकाळी त्याने राजे केले, खुनी केले, आणि प्रत्येक वेळी मी हाकेच्या अंतरावर होते. आता शब्द त्याच्या हातून निसटत. त्या दिवशीही सगळे गप्प झाले, आणि क्विडो खणखणीत आवाजात म्हणाला, "घोडे तयार ठेवा!"

पोरं खो खो हसली. रादोवान मात्र हसला नाही.

"उद्या पहिला प्रयोग आहे, क्विडो. वाक्य मी टेपवर भरून ठेवलंय. तुम्ही अडलात तर टेप वाजेल. आणि मग पुढेही टेपच."

सगळे गेल्यावर क्विडो तिथेच बसून राहिला. त्याच्या डाव्या बुटाची लेस नेहमीसारखी सुटलेली होती. वाकलं की त्याला चक्कर यायची, म्हणून तालमीत ती मीच खालून बांधायचे.

"ब्लाझेना," वरून आवाज आला, "एवढं एक वाक्य मला माझ्या तोंडाने म्हणायचंय. मग माझ्या जागी हवं तर भोपळा ठेवा."

"मी आहे ना खाली. अडलास तर सांगेन."

"तेच नको. पहिल्या रांगेला ऐकू जाईल. आणि मलाही कळेल. तू बोलायचं नाहीस, शब्द दे."

"मग मी खाली बसून काय करू? मटार सोलू?"

"लेस बांध," तो म्हणाला.

मी शब्द दिला. देताना जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पडद्यामागे आमची नेहमीची धांदल उडाली. पहिल्या प्रयोगाआधी एकमेकांच्या पाठीखाली गुडघा हाणायचा, खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं करायचं आणि म्हणायचं, "मान मोडो तुझी!" समोरच्याने आभार मानायचे नाहीत. मानले की नशीब फिरलंच. रंगमंचावर झाडू मारणाऱ्यालाही हे माहीत असतं. मी क्विडोला गुडघा मारला. वयानुसार कुरकुरला तो, क्विडो नव्हे, गुडघा.

"मान मोडो तुझी, क्विडो."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "आभारी आहे, ब्लाझेना."

मुलीचं काम करणाऱ्या पोरीने घाईघाईने छातीवर क्रॉसची खूण केली. रादोवान टेपकडे निघाला. जो हे विसरला तो सगळंच विसरला.

प्रयोग सुरू झाला. शेपूच्या आंबट सुपाचा वास खालपर्यंत उतरला. बूट आले, भांडले, नाचले, लोक हसत होते. डोक्यावरच्या रस्त्यावरून ट्राम गेली, तसे टेबलावरचे पेले किणकिणले. मग सगळे बूट थांबले. वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी दात आवळून धरले आणि हाताने ती लेस. किती वेळ गेला कोण जाणे.

"सूप गार झालं," क्विडो म्हणाला.

मेलेल्यासारखं नाही, घरच्यांची वाट बघून बघून कंटाळलेल्या माणसासारखं. लोक हसले आणि मध्येच थांबले. अंधार झाला. मी खाली बसून रडत होते.

टाळ्यांत क्विडोने बसल्या जागेवरून लाल कापड वर ओढलं. "चल बाहेर."

"वेडा झालास? प्रॉम्प्टर कधी लोकांसमोर येते?"

त्याने मला ओढूनच काढलं. मी लोकरी मोज्यांवर उभी, केस विस्कटलेले. प्रेक्षकांपुढे वाकता वाकता मी कुजबुजले, "आणि आभार कसले मानलेस रे? विसरलास ना?"

"नाही विसरलो. यापुढे माझा कुठलाच पहिला प्रयोग होणार नाही. नशीब राखून ठेवू तरी कशाला? इतक्या वर्षांत तुला एकदाही 'आभारी आहे' म्हणता आलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच काम सोडलं आणि तो बहिणीकडे मोराव्हियाला गेला. आता त्याच्या खुर्चीत एक तरुण बसतो, केसांना पीठ लावून. वाक्य चांगलं म्हणतो, कधी चुकत नाही. मी अजून टेबलाखालीच असते. सगळं तांबूस होतं, सुपाचा वास येतो, आणि बूट थांबले की माझा हात आपोआप डाव्या पावलाकडे जातो.

नव्या आजोबांच्या बुटांना लेसच नाही.