खोली नंबर चौदामधला कोरा चहा

कल्याण अधिकारी उद्धवरावांनी खोली नंबर चौदामध्ये, दुखवट्याला जमलेल्या बायकांच्या मधोमध बसून, कोरा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि कप बशीत उपडा घातला. दुखवटा कोणाचा, हे तो सुरू झाला तेव्हा बायकांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

असं काही घडलेलं नाही. कारखान्याच्या दप्तरात तशी नोंद नाही. उद्धवराव त्या दिवशी तिथे फक्त तपासणीला गेले होते, आणि तपासणीत कोणाचं सुतक पाळायची पद्धत नाही. तेव्हा ते सोडून देऊ. आदल्या संध्याकाळपासून सुरुवात करू, कारण त्या संध्याकाळी ज्योतीराम हातात उसना चिनी मातीचा कप धरून बायकोची मनधरणी करत होता, याबद्दल वसाहतीत दुमत नाही.

"उद्या एकच दिवस चहा सायबाच्या पद्धतीनं कर," तो म्हणाला. "परवापासनं पातेल्यात गूळ टाक, न्हाई तर आख्खा ऊस टाक. मी बोलणार न्हाई."

अंबूबाई राखेनं पातेलं घासत होत्या.

"न्हाई."

"अगं, पर का?"

"तुमी जिते हाय म्हणून."

ज्योतीरामनं कप खाली ठेवला. तो पिंपरीच्या पुढच्या बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर होता. नवराबायको मूळचे चिखलीचे. कारखान्यानं खोली दिली होती, पण तात्पुरती. कायम व्हायची तर तपासणीत पास व्हावं लागे. त्याआधी दोन पावसाळे दोघांनी अंबूबाईंच्या भावाच्या गोठ्यात काढले होते, आणि म्हैस मालकीण असल्यासारखी वागायची. नापास झालं तर परत म्हशीकडे.

तपासणीत भिंतींचा चुना, मोरी आणि चहा या गोष्टी पाहत. यादीत चहा मुंबईच्या मुख्य कचेरीनं घातला होता. तिथल्या मोठ्या साहेबांचं मत असं होतं की ज्या घरात चहा उकळतात त्या घरातला माणूस आज ना उद्या यंत्रही उकळणार. म्हणून योग्य पद्धत ठरली. किटली गरम पाण्यानं विसळायची, पत्तीवर आधण ओतायचं, झाकण ठेवून मुरू द्यायचं, कपात नुसता कोरा ओतायचा. दूध वेगळ्या भांड्यात, साखर वेगळ्या. ज्याला जेवढं हवं तेवढं तो घेईल.

छप्पन्न सालच्या श्रावणात उद्धवरावांनी या पद्धतीचं प्रात्यक्षिक केलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये जाजमावर साऱ्या वसाहतीतल्या बायका बसल्या होत्या. उद्धवरावांनी कप भरले, प्रत्येकीपुढे ठेवले आणि जड आवाजात म्हणाले, "आता सावकाश घ्या."

बायकांनी कपात पाहिलं. दुधाचा थेंब नाही.

आता चिखलीच काय, आसपासच्या कुठल्याही गावात बिनदुधाचा चहा माणसापुढे एकाच घरी येतो. मयत झालेल्या. मंडळी स्मशानातून आली की शेजारीण कोरा चहा घेऊन येते, आणि तो बसून, गप्प राहून प्यायचा असतो. एरवी घरात दूध नसेल तर बाई पाहुण्याला गूळ-पाणी देईल, शेजारी पळेल, पण कोरा पुढे करणार नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पदर डोक्यावर आले. पुढे बसलेल्या कौशल्याबाईंनी हलक्या आवाजात विचारलं,

"कधी झालं, सायेब?"

"काय कधी झालं?"

"लई दिस आजारी हुतं का?" दुसरीनं विचारलं. दुर्गाबाईंनी तर रडायलाही सुरुवात केली. कोरा चहा पुढे आल्यावर न रडणं त्यांच्या माहेरी उद्धटपणाचं समजत.

"कोणी मेलेलं नाही," उद्धवराव म्हणाले. "हा चहा आहे. उठा."

बायका उठल्या. भरलेले कप जाजमावर तसेच राहिले, आणि उद्धवराव दुधाचं भांडं हातात धरून बराच वेळ उभे होते. पुढे वसाहतीत हा विनोद झाला. दिवाळी उलटली तरी साहेब दिसले की पोरं विचारायची, "कधी झालं?" उद्धवराव हसायचे नाहीत. तपासण्या मात्र कडक झाल्या.

"आता तरी आईक," ज्योतीराम म्हणत होता, तेवढ्यात पलीकडच्या खोलीतली बिल्किस किटली घेऊन आत आली. तिचा नवरा युसुफ कारखान्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. माणसं जालन्याकडची. ती कालच पास झाली होती.

"घे. धुवून आणलीय," बिल्किस म्हणाली. "मी केला की साहेबी चहा. साहेब गेले, सगळं परत भगोन्यात ओतलं, इलायची टाकली, मिठाची कणी टाकली, मस्त रटरट उकळलं. साहेबाचं काम झालं, माझ्या युसुफचं पण झालं. कोणाचं क्या गेलं?"

"तुमच्यात कोऱ्याला तसं काय नसंल."

"आमच्यात मय्यत झाली की चूलच पेटत नाही. सगळं शेजारून येतं."

"मंग तुला न्हाई कळायचं."

"मला गोठ्याचा वास कळतो, अंबू. तू राहायला आलीस तेव्हा तुझ्या लुगड्यांना किती दिवस येत होता, सांगू?"

ज्योतीरामला हसू आलं, पण त्यानं ते खोकल्यात घातलं. अंबूबाईंनी पातेलं पालथं ठेवलं, हात पुसले आणि किटलीकडे पाहिलं.

"ठेव हितं," त्या म्हणाल्या. "करते. त्यांच्या पद्धतीनं. समदं पद्धतीनं करते."

ज्योतीरामला त्या रात्री छान झोप लागली. बायकोचं वाक्य त्यानं नीट ऐकलं नव्हतं.

जे घडलंच नाही ते दुसऱ्या दिवशी दुपारी घडलं. उद्धवराव आले, भिंतीला बोट लावून पाहिलं, मोरीत डोकावले, पाटावर बसले. अंबूबाईंनी किटली विसळली. पत्ती घातली, आधण ओतलं, झाकण ठेवलं. दूध एका भांड्यात, साखर दुसऱ्यात. मग स्टोव्ह विझवला, दार सताड उघडलं, कप भरून उद्धवरावांपुढे ठेवला आणि डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी बसल्या.

उद्धवरावांनी पेन्सिल काढली. ते काही लिहिणार तोच कौशल्याबाई आत आल्या आणि न बोलता बसल्या. मग दुर्गाबाई. मग आणखी दोघी. शेवटी बिल्किस आली. तिनं दाराशी चपला काढल्या आणि ओढणी सारखी करून बसली.

"या कशाला आल्या?"

"कोरा केलाय म्हणल्यावर येणारच," अंबूबाई म्हणाल्या. "मीच सांगावा धाडला. तशी रीत हाय."

दाराशी उभ्या ज्योतीरामनं भिंतीचा आधार घेतला. ताजा चुना त्याच्या पाठीला लागला.

"दूध द्या इकडे," उद्धवराव म्हणाले.

"ते वायलं ठेवलंय, तुमी म्हणला तसं. पर ह्या चहात ते घालत न्हाईत."

"बाई, थट्टा पुरे. कोण गेलंय इथं?"

"ते आमी कसं सांगावं? चहा तुमी मागितलाय. ज्याचं माणूस गेलं असंल त्यानं सांगायचं." अंबूबाईंचा आवाज चढला नव्हता. "कोणी गेलं नसंल तर कप उचलू नगा. नापास लिवा. आमी गोठ्यात जाऊ. पर माजा माणूस जिता असताना माज्या घरात नुस्ता पद्धतीपायी कोरा व्हणार न्हाई."

उद्धवरावांनी पेन्सिल कागदावर टेकवली. सगळ्यांना ते दिसत होतं. मग त्यांनी पेन्सिल कानाला लावली आणि कप उचलला.

"वडील," ते म्हणाले.

बायकांपैकी कोणी दचकलं नाही. दुखवट्याला कोणीतरी गेलेलं असतंच.

"कधी झालं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"श्रावणात. तुम्ही शेडमध्ये विचारलंत त्याच सकाळी तार आली होती. किटल्या मांडून झाल्या होत्या. मुंबईचे साहेब बघायला येणार होते."

"आले का?"

"नाही."

"आनि तुमी?"

"सगळं धाकट्या भावानं केलं."

अंबूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मंग तवाच बोलायचं का न्हाई? आमाला अर्ध्या दुखवट्यातनं उठवलं तुमी."

दुर्गाबाई श्रावणात जिथे थांबल्या होत्या तिथून पुढे रडू लागल्या. उद्धवराव मान खाली घालून, घोट घोट, सगळा चहा प्यायले. बोलायला कोणी लावलं नाही. कप उपडा घालून ते उठले, दाराशी कागद भिंतीला टेकवून त्यांनी लिहिलं: "चौदा. पद्धत बरोबर. खोली कायम." आणि गेले.

ज्योतीराम रिकाम्या पाटावर बसला. त्याला कोणाला तरी पेढे वाटायचे होते, पण भोवती दुखवटा बसलेला.

"पास झालो की आपण," तो हळूच म्हणाला.

"आपण झालो," अंबूबाई म्हणाल्या. त्यांनी स्टोव्ह पेटवला, पातेलं चढवलं आणि बसलेल्या सगळ्यांसाठी गुळाचा खडा फोडला. "त्यांचं काय? कागद घ्या. सांगते तसं लिवा."

"कुणाला लिहायचं?"

"मोठ्या सायबाला. मुंबईला. आनि अक्षर बरं काढा."

ज्योतीरामनं बरं अक्षर काढलं. अर्ज असा:

मेहेरबान मोठे साहेब, मुख्य कचेरी, मुंबई, यांस. अर्जदार खोली नंबर चौदा व शेजारच्या बायका सविनय कळवतात की, कल्याण अधिकारी उद्धवराव यांस वडिलांच्या दुखवट्याची रजा मंजूर व्हावी. रजा पुढची नको. गेल्या श्रावणातलीच, तार आली त्या सकाळपासूनची द्यावी, आणि ते भाऊबंदांच्या आधी गावी पोचतील अशा बेतानं त्यांना त्या दिवशीच्या पहिल्या गाडीत बसवून देण्याचा हुकूम व्हावा, ही विनंती.