आजीच्या लुगड्याची गोधडी

नेवाशात गोधडी शिवावी तर चांगुणाने, हे तिचं वाईट चिंतणाऱ्या बायकाही कबूल करत. बांगलादेशची लढाई संपली त्या हिवाळ्यात तिच्या लेकीला मुलगी झाली आणि चांगुणाने हट्टच धरला, बारशाला बाळ निजेल ते माझ्या आजीच्या लुगड्यावर. आजी म्हणजे आईची आई. तिला चांगुणाने पाहिलंही नव्हतं आणि आईही लवकर गेली होती. आजीच्या लुगड्याची चार बोटं चिंधी तरी हाती लागावी म्हणून तिचा जीव तुटत होता.

श्रीगोंद्याला दोन मावश्या होत्या, मालनबाई आणि बनुबाई. त्यांच्या आईचं, म्हणजे या आजीचं, लुगडं कुणाकडे, यावरून दोघींचं बोलणं बंद, आणि घरं मात्र समोरासमोर. मालन मावशीने जांभळा तुकडा दिला. बनू मावशीने हिरवा दिला आणि वर बजावलं, "खरं लुगडं ह्ये. समुरचीचं चुलीत घाल."

चांगुणा हुशार, तिने दोन्ही शिवले. तुकडे हाताला जरा करकरीत लागले, पण आजीने जपून नेसलं असेल, अशी तिने समजूत घातली. एरवी प्रत्येक चिंधी खळखळून धुणाऱ्या या बाईने हे तुकडे तेवढे पाण्याला लावले नाहीत. धुतलं तर आजीच धुऊन जाईल, असं तिला वाटलं.

बारशाला दोघी मावश्या आल्या आणि पाळण्याच्या दोन बाजूंना तोंडं फिरवून बसल्या. बाळाला गोधडीवर निजवलं, बायकांनी पाळणा धरला, आणि बाळाने आपलं काम उरकलं. उचलून बघतात तो ढुंगण एकीकडे जांभळं, एकीकडे हिरवंगार!

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. चांगुणाला मात्र रडू फुटलं. जन्मभर धुतलेल्या लुगड्याचा रंग जातो होय?

"बाजारातलं नवं फाडून दिलंत व्हय मला?"

बनू मावशी खाली बघत म्हणाली, "आईला एकच लुगडं हुतं गं. त्येच नेसवून नेलं तिला."

"मग खोटं कशाला बोललीस?"

"ही म्हनली माज्याकडं हाय. मग मी काय बिनआईची?"

 आधी खोटं बोलली होती ती मालन मावशीच.

चांगुणाने रागारागाने कात्री घेतली आणि जांभळा तुकडा उसवायला बसली. दोन टाके तुटले तशी मालन मावशी हळूच म्हणाली, "उसव बाई. पर आईचं म्हनून आता आमी दोघीच उरलोय."

चांगुणाचा हात थांबला. तिने डोळे पुसले, बाळाला पुसलं, आणि ते आधी कोणत्या मावशीच्या मांडीवर द्यावं, या नव्याच पेचात पडली.